पोट भरणे आणि पोषण होणे



मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९० च्या दशकात साऱ्या महाराष्ट्राला अस्वस्थ केले. धारणी व चिखलदरा हे तालुके आपल्याच अमरावती जिल्ह्यातील आहेत. म्हणून आज आम्ही आपणांशी आहाराविषयी बोलू इच्छितो.

अन्न अपुरे पडले की शरीर प्रथम यकृतातील साखरेचा साठा वापरते, नंतर चरबी जाळते आणि अखेर स्वतःचे स्नायूही झिजविते. रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. मग साधी हगवणही बालकाच्या जिवावर बेतते.

बालकाचे जठर लहान असते. पातळ पेजेने ते भरते, परंतु पोषण होत नाही. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनापासून सुमारे ४, तर स्निग्धापासून ९ कॅलरी मिळतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते; ती उणीव तुरीची डाळ भरून काढते. म्हणून सहा महिन्यांनंतर स्तनपानासोबतच वरणात कुस्करलेली मऊ भाकरी, वर चमचाभर तेल, असा घास दिवसातून अनेकदा भरवावा.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजावे. अशा बालकास घरी एकदम भरपूर खाऊ घालू नये. रक्तातील क्षारांचा तोल बिघडून हृदयावर ताण येतो. त्यास विनाविलंब रुग्णालयात आणावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.