स्वयंपाकाचा वायू : सोय आणि सावधानता
(घणसोली गावात शिक्षक, महिला मंडळे व लोकप्रतिनिधी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेती आणि खाडी यांच्या आधारावर जगणारे घणसोली आज महानगराचा भाग झाले आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि गावठाणातील अंगणांच्या जागी मजल्यांवर मजले उभे राहिले. चुलीची जागा वायूच्या शेगडीने घेतली. धुरापासून गृहिणीची सुटका झाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु चुलीचा जाळ डोळ्यांना दिसत असे; गळणारा वायू दिसत नाही. म्हणून या नव्या सोयीबरोबर नवी शिस्तही घरात आली पाहिजे.

हा वायू म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. दाबाखाली तो द्रवरूपात सिलिंडरमध्ये भरतात. बाहेर पडताच त्या द्रवाचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोन ते नऊच्या दरम्यान असले, तर एक ठिणगी स्फोटास पुरेशी होते. मूळ वायूला वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तो वास हा इशारा आहे. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

हा वायू हवेपेक्षा जड असतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. तो छताकडे न जाता जमिनीलगत पसरतो, मोरीत उतरतो, उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत शिरतो. पाश्चात्त्य देशांत चाकांवरच्या फिरत्या घरांतही हाच वायू वापरतात; तेथे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका ठेवतात, तो याच कारणाने. आपल्याकडील एका खोलीचे बिऱ्हाड त्या फिरत्या घराहून फारसे मोठे नसते. तेथेच स्वयंपाक आणि तेथेच झोप! भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत एका घरची गळती ही साऱ्या आळीची चिंता ठरते.

यासाठी काही नियम पाळावेत. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर असावी. सिलिंडर बंद कपाटात कोंडू नये. रबरी नळी प्रमाणित असावी, तिच्यावर कापड गुंडाळू नये. सुरक्षा नळीही पाच वर्षांनी बदलावी, आणि भेग दिसल्यास त्यापूर्वीच. जोडणी साबणाच्या पाण्याने तपासावी. बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे. काडी पेटवून कधीही तपासू नये. रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा.

सिलिंडर घेताना त्याच्या वरच्या पट्टीवरील खूण वाचावी. ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ जूनअखेर, ‘सी’ सप्टेंबरअखेर आणि ‘डी’ डिसेंबरअखेर. पुढील आकडा वर्षाचा. ‘बी–२८’ याचा अर्थ पुढील चाचणी जून २०२८ पर्यंत व्हावयास हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

वास आल्यास घाबरू नये. विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, पंखाही नाही. शेगडी व देवापुढील दिवा विझवावा, रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला टोपी लावावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. दूरध्वनी बाहेर आल्यावरच करावा : गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१.

आणखी एक धोका वासाविना येतो. बंद न्हाणीघरात वायूवर पाणी तापवताना प्राणवायू अपुरा पडला, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि माणूस नकळत बेशुद्ध पडतो. अशा ठिकाणी झरोका हवाच. हे यंत्र न्हाणीघराबाहेर बसवणे अधिक उत्तम.

घणसोलीने जे स्थित्यंतर अनुभवले, ते शहरालगतच्या अनेक गावांच्या वाट्याला येत आहे. तेथील पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्यावा. शिक्षकांनी सिलिंडरवरील खूण वाचावयास मुलांना शिकवावे. ती मुले घरी जाऊन आईला दाखवतील. घरमालकांनी खोली भाड्याने देताना खिडकीचा विचार करावा, आणि परगावाहून आलेल्या कामगारास त्याच्या भाषेत हे नियम सांगावेत. त्याच्या खोलीतील सावधगिरीवर आपल्याही घराची सुरक्षितता अवलंबून आहे.