खांब रिकामा राहत नाही

श्रोतेहो, संध्याकाळचे सात वाजले तरी यवतमाळची जमीन अजून तव्यासारखी तापलेली आहे. अशा उकाड्यात मी तुम्हाला आणखी वाळवंटात नेणार, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

पाचव्या शतकात सीरियातल्या अलेप्पोजवळ सिमिअन नावाचा साधू खांबावर चढून बसला आणि सुमारे ३७ वर्षं उतरला नाही. आपल्याला याचं फार नवल वाटणार नाही. एका पायावर उभे राहणारे बाबा आपल्याकडेही आहेत. या साधूवर लुई बुन्युएलने १९६५मध्ये मेक्सिकोत चित्रपट काढला, ‘वाळवंटातला सिमोन’. बुन्युएल म्हणजे अतिवास्तववादाचा जुना मानकरी. पैसे संपल्यामुळे चित्रपट ४५ मिनिटांतच आटोपला, तरी व्हेनिसला परीक्षकांचं विशेष पारितोषिक घेऊन आला.

सुरुवात बघा. सिमोनला खांबावर सहा वर्षं, सहा आठवडे, सहा दिवस झालेत. एक धनिक त्याला नवा, जास्त उंच खांब अर्पण करतो. सिमोन जुन्या खांबावरून उतरतो, गर्दीतून चालत जातो आणि नव्या खांबावर चढतो. झालं! सैतान पुढे बाईच्या रूपात येतो, मेंढपाळाची दाढी लावून येतो, सिल्व्हिया पिनालने ते सगळं झकास केलंय. पण मला विचाराल तर खरा मोह त्या देणगीतच येऊन गेला. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसालाही थोडा आणखी उंच खांब नको म्हणवत नाही.

मग तो हात तुटलेला चोर. सिमोन प्रार्थना करतो आणि त्याला हात परत मिळतात. कल्पना करा, आपल्याकडे असं झालं तर माणूस लोटांगण घालील, निदान रडेल तरी. हा म्हणतो, चला, घरी कामं पडलीत. पोरगी विचारते, बाबा, हे तेच हात का? त्याच हातानं तो तिला फटकावतो. पंधरा सेकंदांचा प्रसंग असेल, पण चमत्कारावर याहून जहरी टीका मी पाहिलेली नाही. देव हात देतो. त्या हातांनी काय करायचं, ते माणूस आधीच ठरवून बसलेला असतो.

आता आपल्याकडे या. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मध्ये दामले-फत्तेलालांनी भक्तीची टिंगल मुळीच केलेली नाही. तरीही शिवाजीराजांकडून आलेला नजराणा आठवा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तो परत पाठवतो, आणि घरात दाणा नसलेल्या जिजाईचा जीव तुटतो. पोर आजारी पडल्यावर हीच जिजाई चप्पल घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. बुन्युएलच्या सिमोनची आईसुद्धा खांबापाशी मुक्काम ठोकून आहे, पण तिला असं भांडता येत नाही. तिथे देव फार लांब आहे. आपला विठोबा चपलेच्या टप्प्यात!

सिमोनचा खरा मराठी भाऊबंद मात्र २०११चा ‘देऊळ’. उमेश कुलकर्णी दिग्दर्शक, गिरीश कुलकर्णी लेखक आणि नायकही. उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला विभागून मिळालं. मंगरूळचा गुराखी केशा करडी गाय शोधताना झाडाखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतो. आपण दत्ताचे शेजारी. पैनगंगा ओलांडली की माहूर, तेव्हा केशावर हसणं आपल्याला सोपं नाही, आणि चित्रपटही त्याच्यावर हसत नाही. तो हसतो बाकीच्यांवर. गावातल्या अण्णांच्या मनात दवाखाना होता. केशाच्या एका स्वप्नानं तो मागे पडतो, देऊळ उठतं, प्रसादाची दुकानं लागतात, भाऊंसारखे पुढारी वाऱ्याची दिशा ओळखतात. अतिवास्तववादाची कलाकुसर यात जवळपास नाहीच. नसीरुद्दीन शहा रात्री केशाला भेटतो तेवढा भाग सोडला, तर सगळं आपल्या तालुक्यात घडावं असं. बुन्युएलला शवपेटी वाळवंटात आपोआप सरकवावी लागली. आपल्याला निविदा निघाली की पुरते.

शेवटी वैतागून केशा मूर्ती उचलतो आणि नदीत सोडतो. गाव काय करतं? नवी मूर्ती आणतं.

इथं मला नेहमी गाडगेबाबा आठवतात. आपल्या वऱ्हाडातला हा माणूस खांबावर चढायला तयार नव्हता. पाया पडू देत नसे, गावात आला की आधी खराटा हातात घेई. लोकांनी काय केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आज त्यांची मंदिरं आहेत.

आता चित्रपट दाखवायचा आहे, म्हणून शेवट सांगू नये. पण राहवत नाही. सैतान सिमोनला विमानातून न्यूयॉर्कच्या एका नाचघरात आणून बसवतो. पोरं बेभान नाचताहेत. सिमोन कंटाळतो, परत जातो म्हणतो. बाईच्या रूपातला सैतान सांगतो, जाऊन उपयोग नाही, तुझ्या खांबावर दुसरा भाडेकरू आलाय.

दिवे मालवा.