परिचारिकेने शरीरशास्त्र किती लक्षात ठेवावे?

(आमच्या शहरातील परिचारिका विद्यालयात प्रथम वर्षाच्या स्वागतसमारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापडाच्या दुकानात उभे आयुष्य घालविलेल्या, वाणिज्य शाखेच्या पदवीधराने तुमच्यासमोर शरीररचना व शरीरक्रिया या विषयांवर बोलावे, हे धाडसच आहे. परंतु मी शिकविण्यासाठी उभा नाही. एका रुग्णाचा मुलगा म्हणून जे अनुभवले, तेवढे सांगणार आहे. मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी एका मुलीने विचारले, "काका, एवढे जाडजूड पुस्तक! हे सगळे पुढे खरेच लक्षात ठेवावे लागते का?" या प्रश्नाचे उत्तर मला काही वर्षांपूर्वी एका रात्री मिळाले.

माझ्या मातोश्रींना मधुमेह होता. पायाच्या जखमेसाठी त्या रुग्णालयात होत्या. त्या दिवशी सायंकाळचे इन्सुलिन देऊन झाले, ताटही आले; पण दोन घासांपलीकडे त्यांना जेवण गेले नाही. मी ताट झाकून ठेवले आणि कोणालाही सांगितले नाही. चूक माझीच. रात्री त्यांना दरदरून घाम सुटला, त्या असंबद्ध बोलू लागल्या व पुढे हाकेला ओ देईनाशा झाल्या. साखर उतरली असावी, एवढे मला उमगले. मी घाईने पेल्यात साखरेचे पाणी केले आणि चमचा त्यांच्या ओठांशी नेला. तेवढ्यात परिचारिकेने माझा हात धरला. "काका, थांबा. त्या शुद्धीवर नाहीत, गिळू शकणार नाहीत."

तिने आईला कुशीवर वळविले, बोटाच्या थेंबावर साखर तपासली. ती ४२ होती. ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. तिने डॉक्टरांना बोलाविले आणि त्यांच्या सांगण्यानुसार शिरेतून ग्लुकोज दिले. काही वेळाने आईने डोळे उघडले व मलाच विचारले, "तू जेवलास का?"

सकाळी मी त्या परिचारिकेला म्हणालो, "ताई, तुम्हांला सगळे शरीरशास्त्र पाठ दिसते." ती हसली. "नाही हो काका. मनगटाच्या आठ हाडांची नावे विचारलीत, तर मलाही पुस्तक उघडावे लागेल. पण घास गिळताना श्वासनलिकेवर झाकण येते आणि बेशुद्ध माणसाचे ते काम भरवशाचे राहत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल." आपण प्रेमाने पाजणार होतो ते पाणी आईच्या फुप्फुसात गेले असते, हे तेव्हा मला कळले.

मित्रहो, माझ्या दुकानात कोणत्या रंगाचे किती ताके शिल्लक आहेत, हे मला पाठ नसते. त्यासाठी वही आहे. परंतु कापड हाती येताच त्याचा पोत बोटांना कळलाच पाहिजे. तेथे वही उघडायला गिऱ्हाईक वेळ देत नाही, आणि तुमचा रुग्ण तर त्याहून कमी वेळ देतो.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी कायमच्या लक्षात असाव्यात. पहिली, जेथे तुमचा हात पडतो तेथे आत काय आहे. नितंबावर इंजेक्शन देताना वरचा व बाहेरचा भागच का निवडायचा? कारण अन्यत्र पायाकडे जाणारी मोठी नस दुखावू शकते. दुसरी, निरोगी देहाची मापे. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. नेहमीचे ठाऊक असेल तरच बिघडलेले ओळखता येते. तिसरी आणि सर्वांत मोलाची, कारणांची साखळी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला, हा नुसता नियम म्हणून पाठ केला, तर कामाच्या गर्दीत तो विसरला जातो. हाड व गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाऊन तिचा रक्तपुरवठा तुटतो, हे समजले की टाचा आणि खुबे आपोआप तपासले जातात.

मग बाकीचे पुस्तक वाचूच नये काय? तसे मुळीच नाही. जे एकदा मनापासून शिकले, तेच विसरल्यावर पुन्हा शोधता येते. २०६ हाडांची नावे उद्या विसरलात तरी चालेल. पण कोणते हाड कशाचे रक्षण करते, हे विसरू नका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू केले. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करण्यावर त्यांचा सदैव भर असे. परंतु ज्ञान नसेल तर डोळे उघडे असूनही काही दिसत नाही. त्या रात्री घाम मलाही दिसला होता. अर्थ पुरता तिलाच कळला.

आणि येथे आलेल्या पालकांना व नातेवाइकांना एक विनंती. रुग्ण जेवला नाही, तर परिचारिकेला अवश्य सांगा. तिच्या ज्ञानाला आपल्या दोन शब्दांची जोड लागते.

आई त्यानंतर पाच वर्षे आमच्यात होत्या. ती पाच वर्षे मी त्या ताईंच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासाचे देणे मानतो. तुमच्याही अभ्यासावर कोणाच्या तरी आईची अशीच वर्षे अवलंबून आहेत, एवढे ध्यानी ठेवा. तुम्हां सर्वांना शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.