कंठाला बांधलेला मायक्रोफोन

माणसाचा आवाज तोंडातून बाहेर पडतो, ही समजूत चुकीची नाही. पण त्या आवाजाचा उगम तोंडात नसतो, तो कंठात असतो. फुप्फुसांतून वर येणारी हवा स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंना कंपित करते. ते कंपन घशाच्या कूर्चांना आणि वरच्या त्वचेलाही जाणवते. पुढे जीभ, टाळू, दात आणि ओठ त्या नादाला वर्णांचे आकार देतात व शब्द तयार होतो. नाद हवेत मिसळण्यापूर्वी तो कातडीवरूनच टिपून घ्यावयाचा, या कल्पनेवर घशाचा मायक्रोफोन आधारलेला आहे. गळ्याभोवती एक लवचीक पट्टा, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना टेकणाऱ्या दोन लहान डब्या, कानात जाणारी एक बारीक नळी आणि बोटाशी येणारी बोलण्याची कळ, एवढाच त्याचा संसार.

१९३९ ते १९४५ या काळातील महायुद्धात या साधनाचा मोठा प्रसार झाला. रणगाड्याच्या पोटात किंवा बॉम्बफेकी विमानात यंत्रांची घरघर इतकी असे, की ओठांजवळच्या साध्या मायक्रोफोनमध्ये माणसाच्या शब्दांपूर्वी तीच शिरे. कंठाला टेकलेली डबी मात्र हवेतील गोंगाटाकडे फारसे लक्षच देत नाही. तिला कळते ते त्वचेचे कंपन. म्हणून जर्मन व सोव्हिएत रणगाड्यांत आणि अमेरिकन विमानांत असे पट्टे गळ्यांभोवती आले. त्यांतील एक उणीवही तेव्हाच ध्यानात आली होती. आवाज येई, पण शब्द घुसमटलेले येत. उंचावरून उड्डाण करणाऱ्या अमेरिकन वैमानिकांसाठी पुढे प्राणवायूच्या मुखवट्यातच मायक्रोफोन बसविण्यात आला, तो याचमुळे.

आज हे साधन सैनिकांप्रमाणेच खेळाडूंच्या गळ्यातही दिसते. एअरसॉफ्ट नावाचा हा खेळ जपानमध्ये १९७०च्या दशकात रूढ झाला. शस्त्रे बाळगण्यावर त्या देशात १९५८च्या कायद्याने कडक बंधने आहेत. तेव्हा बंदुकीच्या हौशीने तेथे हुबेहूब दिसणाऱ्या, पण प्लॅस्टिकची ६ मिलिमीटर व्यासाची गोळी सोडणाऱ्या खेळण्यांची वाट धरली. १९९१ मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने विजेरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि खेळाला जोर चढला. २००६ मध्ये कायद्याने त्या गोळीच्या शक्तीला सुमारे ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. तोक्योजवळच्या चिबा प्रांतात या खेळाची अनेक मैदाने आहेत. झाडाझुडपांतून दोन तुकड्या एकमेकींना हुडकीत फिरतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा सक्तीचा असतो, आणि दात जपण्यासाठी बरेच खेळाडू हनुवटीवर जाळीही चढवितात.

या जाळीमुळे ओठांपुढच्या मायक्रोफोनची अडचण होते. तो जाळीला घासतो आणि वाऱ्याचा सुसाटही पकडतो. कंठावरचा मायक्रोफोन त्यापासून मुक्त असतो. शिवाय झुडपाआड दबून बसलेल्या खेळाडूला मोठ्याने बोलावे लागत नाही. त्याच्या जोडीचे बिनतारी यंत्रही लहानसेच असते. जपानमध्ये परवान्यावाचून वापरावयाच्या अशा एका वर्गातील यंत्रांची शक्ती अवघी १० मिलिवॅट असते. युरोपात ४४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अर्ध्या वॅटपर्यंत मुभा आहे. मैदानापुरते बोलणे त्यात सहज भागते.

नवख्या खेळाडूची पहिली निराशा येथेच होते. शत्रू जवळ आहे असे पाहून तो कुजबुजतो, आणि पलीकडे पुष्कळदा नीट ऐकू जात नाही. दोष यंत्राचा नसतो. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत. नुसता श्वास घासून शब्द होतो. कंठाशी बसलेल्या डबीला टिपण्याजोगे तेव्हा फार थोडे उरते. तेथे कुजबूज उपयोगाची नाही; हळू, पण सनाद बोलावे लागते.

हे रहस्य मराठी वर्णमालेला नवे नाही. शालेय व्याकरणात ज्यांना कठोर आणि मृदू व्यंजने म्हणतात, त्यांनाच जुन्या शास्त्रकारांनी अघोष आणि घोष अशी नावे दिली. कंठ उघडा असता श्वास आणि आवळलेला असता नाद, हा भेद तैत्तिरीय प्रातिशाख्यात स्पष्ट सांगितलेला आहे. ज्याला तो पडताळून पाहावयाचा असेल त्याने दोन बोटे कंठावर ठेवून ‘स’ लांबवावा, मग ‘म’ लांबवावा. पहिल्याने बोटे स्तब्ध राहतात, दुसऱ्याने थरथरतात. मायक्रोफोनची डबी म्हणजे ती दोन बोटेच होत. ग, ज, ड, द, ब, म आणि सारे स्वर तिला चांगले लागतात. क, च, ट, त, प, स मात्र तिच्या हातून निसटतात.

त्याचा परिणाम अंकांवर पाहावा. ‘पाच’, ‘सात’ आणि ‘आठ’ या तिन्ही शब्दांतील व्यंजने अघोष आहेत. ती पुसट झाली म्हणजे तिघांतही एक लांब ‘आ’ तेवढा उरतो. पाच गडी येत आहेत की आठ, हे ऐकणाऱ्याने कशावरून ठरवावे? ‘दोन’ मात्र अखंड पोहोचतो. जपानी भाषेची अडचणही अशीच आहे. एकाला ‘इचि’ आणि साताला ‘शिचि’ म्हणतात. दूरध्वनीवरही त्यांची गल्लत होते, म्हणून तेथील लोक साताला ‘नाना’ हा दुसरा शब्द योजतात. त्यातील प्रत्येक वर्ण घोष असल्यामुळे कंठ-मायक्रोफोनलाही तोच मानवतो.

म्हणून हे साधन वापरणाऱ्या तुकडीने आधी आपली भाषा शिस्तीत आणावी लागते. शब्द थोडे, ठरलेले आणि घोषयुक्त असावेत. ऐकणाऱ्याने ते उलट उच्चारून दाखवावेत. डब्या कंठमण्याच्या बाजूंना नीट टेकल्या पाहिजेत. पट्टा सैल असला तर मान वळविताच संपर्क सुटतो, आणि फार आवळला तर गळा दुखतो. दाट दाढीचे केस मध्ये आले की आवाज क्षीण होतो. कळ दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे, नाही तर पहिले अक्षर तुटते. कळीऐवजी आवाजानेच आपोआप चालू होणारी व्यवस्था असेल, तर आवंढा किंवा खोकलाही सोबत्यांच्या कानी जाऊ शकतो.

एवढे साधले तरी एक शब्द या यंत्राच्या स्वाधीन करता येत नाही. एअरसॉफ्टची गोळी अंगावर रंग ठेवीत नाही, खूण ठेवीत नाही. ती लागली हे पुष्कळदा फक्त लागलेल्यालाच ठाऊक असते. म्हणून त्याने स्वतःच ‘हित्तो’, म्हणजे ‘लागली’, असे ओरडून हात वर करावा आणि मैदानाबाहेर जावे, असा नियम आहे. सगळ्या खेळाची इमारत या कबुलीवर उभी आहे. नवल असे, की तोच शब्द कंठ-मायक्रोफोनला कमी उमगणारा आहे. जपानी बोलण्यात अघोष व्यंजनांमध्ये सापडलेला ‘इ’ पुष्कळदा स्वतःच अघोष होतो. मग त्या शब्दातला शेवटचा ‘ओ’ तेवढा डबीपर्यंत पोहोचावा.

पण तो शब्द सोबत्यांसाठी नसतोच, तो प्रतिपक्षासाठी असतो. आपल्या माणसांशी गुप्तपणे बोलण्यासाठी कंठाला यंत्र बांधता येते. आपली हार प्रतिस्पर्ध्याला सांगण्यासाठी मात्र तोंड उघडावे लागते. ज्याचा गुप्त आवाज उत्तम पोहोचतो पण उघडा आवाज वेळेवर फुटत नाही, त्याच्या गळ्यात कितीही चांगले यंत्र असो, त्याच्याशी खेळावयास कोणी फार दिवस येत नाही.