खरवस : अंदाज नको, वाटी सांगा



आज कर्जाचं रजिस्टर जरा बाजूला ठेवू. खरवसाचं बोलू.

"कसा केलास गं?" विचारलं की आपण म्हणतो, "घातलं अंदाजानं." बरं, पण हा अंदाज नव्या सुनेनं कुठून आणायचा? चीक काही रोज मिळत नाही. बिघडला की पुढच्या वेतापर्यंत थांबा! म्हणून मैत्रिणीला चीक देताना माप पण द्या.

पहिल्या दिवसाचा चीक घट्ट असतो. 1 वाटी चिकाला 2 वाट्या दूध, 1 वाटी चिरलेला गूळ. दुसऱ्या दिवशीच्या चिकाला दूध बरोबरीनं, तिसऱ्या दिवशी जवळजवळ नकोच. गूळ थंड दुधातच विरघळवा, तापत्या दुधात टाकला तर दूध फाटतं. गाळा, वेलदोडा-जायफळ घाला. कुकरची शिट्टी काढून 20-25 मिनिटं वाफवा. सुरी स्वच्छ बाहेर आली की झाला. वड्या गार झाल्यावरच पाडा.

पण आधी वासराचं पोट. व्याल्यावर तास-दोन तासांत त्याला चीक मिळालाच पाहिजे, रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच येते. उरलेला आपला.

आपला म्हणजे कुणाचा? शेण-पाणी, वैरण तुम्ही करता. वड्या पोरांना, पाव्हण्यांना, शेजारी जातात. तुमच्या ताटलीत काय, भांड्याची खरवड?

पुढच्या बैठकीपर्यंत जिची म्हैस वेल तिनं एक डबा इथं आणायचा. आपण आपल्यातच खायचा. माप मी वहीत लिहून घेईन, आणि पहिली वडी माझी, आत्ताच सांगून ठेवते.