पाखरांची शाळा

(मंडळाच्या वर्षावास प्रवचनमालेत विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)





मी काही पक्षितज्ज्ञ नाही. बँकेतला कारकून आहे आणि शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. परंतु गेली तीन वर्षे दर रविवारी सकाळी आपल्या विहारातील पहिली ते चौथीची मुले घेऊन मी खाडीच्या बांधावर जातो. त्याविषयी दोन शब्द सांगावेत अशी मंडळाने आज्ञा केली, म्हणून उभा आहे.

वर्षावासात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावास कसा सुरू झाला तो प्रसंग आहे. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. कोवळे गवत, बारीकसारीक जीव त्यांच्या पायांखाली तुडवले जात. लोक कुरकुरू लागले की, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी बांधून पावसाळाभर एका जागी राहतात, मग या श्रमणांनाच काय झाले? ही तक्रार भगवंतांच्या कानी गेली आणि त्यांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. म्हणजे आपल्या या पवित्र प्रथेच्या मुळाशी पाखराच्या घरट्याचा दाखला आहे. तेव्हा विषय बाहेरचा नाही, घरचाच आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. पावसाळ्यात शिंदीच्या, माडाच्या झावळ्यांना, विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. याच सुगरणीचा अभ्यास आपल्या अलिबाग तालुक्यातील किहीम येथे डॉ. सालिम अली यांनी केला. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी जन्मलेला हा माणूस जर्मनीत शिकून १९३० साली परत आला, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. किहीमच्या घरी ते राहू लागले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडी लावली, आडोसा केला आणि दिवसचे दिवस बसून पाहिले. तेव्हा कळले की, घरटे नर विणतो. अर्धे झाले की थांबतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडले तर नर घरट्याला खालची नळी जोडून ते पुरे करतो, आणि मादी अंड्यांवर बसली की दुसरे घरटे विणायला घेतो. बेकारीच्या दिवसांत, घरच्या झाडाखाली, डोळे आणि वही एवढ्याच भांडवलावर हे संशोधन झाले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले आणि १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्याआधी किहीमची शिडी आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आम्ही मुलांना हे व्याख्यानातून सांगितले नाही. हंगाम संपल्यावर झाडाखाली गळून पडलेले एक जुने घरटे जपून ठेवले होते, ते त्यांच्या हाती दिले. (झाडावरच्या घरट्याला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम.) मग माडाच्या पातीच्या चिरफळ्या केल्या आणि प्रत्येकाला कपडे वाळत घालायचा एक चिमटा दिला. हीच तुमची चोच, आता विणा! अर्धा तास झाला, एकाचीही गाठ बसेना. एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, तिला हात नाहीत तरी कसं जमतं?" त्या दिवशी जो आदर त्याच्या मनात उतरला, तो माझ्या दहा भाषणांनी उतरला नसता.

घरटे उलगडताना आत वाळलेल्या चिखलाचे गोळे निघाले. आपल्याकडे समजूत अशी की, सुगरण या चिखलात काजवे चिकटवून घरात दिवा लावते. मुलांनी गोळे फोडून पाहिले. काजवा एकही निघाला नाही. एक मुलगी म्हणाली, "आजी तर सांगते असतात म्हणून." मी म्हणालो, "आजीला हे घरटे दाखव आणि दोघी मिळून शोधा." बंधूंनो, आपण वंदनेत धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि पाहा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, हे कालामांना दिलेले शिक्षण सात वर्षांच्या मुलाला याहून सोप्या रीतीने कसे शिकवणार?

बहिणाबाई चौधरींच्या कवितेने सुगरण घरोघर नेली आणि तिला आई केले. नर विणतो हे कळल्यावर तिच्यातली माया कमी होत नाही. मात्र घर बांधणे, सजवणे हे बाईचेच काम, असे म्हणणाऱ्या मुलांकडे आमच्या मुली आता हसून पाहतात!

आम्ही बँकेतली माणसे, नोंदीशिवाय आमचे पान हलत नाही. म्हणून मुलांना एक रजिस्टर घालून दिले. तारीख, वेळ, जागा, पक्षी, किती, काय करीत होता. दिसला नाही तर 'दिसला नाही' असेच लिहायचे. पुढे त्यात आणखी एक रकाना वाढवावा लागला. त्याचे कारण सांगतो. एका मुलीने शाळेत चित्रातल्या पक्ष्याला 'ढोकरी' म्हटले. उत्तर चूक ठरले, कारण पुस्तकात 'वंचक' होते. ती हिरमुसली. तिची आजी खाडीत कालवे काढते. तिला ढोकरी कुठे बसते, भरतीला कुठे जाते, हे सारे ठाऊक. ते ज्ञान घरचे म्हणून खोटे का? तेव्हापासून रजिस्टरात 'घरचे नाव' आणि 'पुस्तकातले नाव' असे दोन रकाने आहेत. भारद्वाजासमोर कुकुडकोंबा लिहिला जातो. पुस्तकातले नाव शिकलेच पाहिजे, त्याशिवाय परीक्षा नाही, पुढची वाट नाही. पण त्यासाठी आजीची लाज वाटण्याचे कारण नाही. आता ती आजी महिन्यातून एकदा आमची शिक्षिका असते.

ओहोटीच्या वेळी चिखलाने भरलेल्या परातीत मुले लहान-मोठ्या काड्या खुपसतात आणि आत लपवलेले मणी शोधतात. आखूड काडीला वरचे मणी लागतात, लांब काडीला खोलचे. मग बांधावरून पाहिले की, आखूड चोचीचा चिखल्या आणि लांब चोचीचे पाहुणे पक्षी एकाच चिखलात भांडणाविना कसे जेवतात, ते आपोआप उमगते. हिवाळ्यात हिमालयापलीकडून येणारे कुरव पाहताना नकाशाही शिकून होतो.

आता थोडे स्वतःविषयी. लहानपणी माझ्या खिशात गलोल असे. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायचो, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील तोंडपाठ होते, आणि बाहेर पडल्यावर नेम धरायचो. एके दिवशी बुलबुल पडला. हातात गरम होता. मी तो कुंपणापलीकडे फेकून दिला आणि कोणाला बोललो नाही. सालिम अलींनीही मुलपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, असा प्रश्न घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला हाकलले नाही, पक्ष्यांच्या संग्रहाचे खण उघडून दाखवले. तिथून पुढचा सारा इतिहास घडला. माझ्यापुढे खण उघडणारे कोणी नव्हते. आपल्या वस्तीतल्या मुलांपुढे ते उघडणारे आपण व्हावे, एवढ्यासाठी हा उपद्व्याप आहे. गेल्या वर्षी दोन मुलांनी आपणहून गलोली माझ्याकडे आणून दिल्या. मी मागितल्या नव्हत्या.

शेवटचे सांगतो. २० मार्च हा आपला महाडचा दिवस. १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २०१० पासून हाच दिवस जागतिक चिमणी दिवस म्हणूनही पाळला जातो. यंदा मुलांना महाडची हकिकत सांगत असता तिसरीतल्या एकाने विचारले, "तेव्हा त्या तळ्यावर चिमण्या पाणी प्यायच्या का?" मी म्हणालो, "हो. चिमण्या प्यायच्या, गुरेढोरे प्यायची. फक्त आपल्याला बंदी होती." मुले गप्प झाली. मग तोच मुलगा म्हणाला, "मग आपण चिमण्यांना पाणी ठेवू या. आपण कोणाला अडवायचं नाही." त्या दिवशी विहाराच्या पायरीवर मातीचे पहिले ताटले ठेवले गेले. आज वस्तीत अशी ताटली घरोघर दिसतात. पाणी नाकारले गेले त्यांची नातवंडे पाणी वाटत आहेत. याहून मोठे अभिवादन मला सुचत नाही.

मंडळाकडे माझे मागणे थोडे आहे. एक दुर्बीण, काही वह्या आणि वर्षातून एकदा कर्नाळ्याची सहल. १९६८ पासून अभयारण्य असलेले ते ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात पाळला जातो, तेव्हा मुलांच्या रजिस्टरांचे विहारात प्रदर्शन भरवू. आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे रविवारचे दोन तास मागतो. पैसे जमा होतील, पण माणूस जमा व्हावा लागतो.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला बांधावर या आणि पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!