रेगूर: आपल्या काळीचं इंग्रजी नाव



भूगोलाच्या पुस्तकातली 'रेगूर मृदा' आठवते? शाळेच्या कुंपणापलीकडे जिकडेतिकडे काळी, आणि तिचं नाव आपण पुस्तकातून पाठ करत होतो. शब्द काही मराठी वाटत नाही, म्हणून मी त्याचं मूळ शोधलं.

इंग्रजीतही तो माती-दगडांच्या पुस्तकांबाहेर क्वचितच भेटतो. युल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तो आहे. तिथला एक तर्क असा, की फारसी 'रेग' म्हणजे वाळू, त्यावरून तो आला असेल. पावसाळ्यात आपल्या शेतातून एकदा चालून आलेला माणूस हे मान्य करणार नाही! चपलेला थरावर थर चिकटतात, ती वाळू कशी? दुसरं मूळ पटणारं आहे: तेलुगू 'रेगडि', म्हणजे काळी जमीन. दख्खनीत त्याचं 'रेगड' झालं.

मग 'रेगूर' कुठून? हा 'ड' इंग्रजी कानांना 'र' वाटायचा. आणि ऱ्हस्व 'अ'साठी ते 'यू' हे अक्षर लिहीत. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये ते आजही आहे. म्हणजे लिहिलं 'यू'ने, पण वाचायचं होतं 'रेगर'. आपल्याकडे तोच 'यू' सरळ 'ऊ' वाचला गेला असणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला एन्कोडिंगचा घोळ म्हणतो. जुनी मराठी फाईल भलत्या फॉन्टमध्ये उघडली की होतं, तेच.

1948 पर्यंत आपला जिल्हा आणि तेलंगणा एकाच निजामी राज्यात होते. तरी शेजारचा तेलुगू शब्द आपल्या पुस्तकात आला तो इंग्रजीचा वळसा घालून, नाव बदलून.

आपल्याकडे मात्र शेताची ती 'काळी' आणि गावठाणाची ती 'पांढरी'. पाऊस उघडल्यावर पेरणीजोगी ओल राहते, तो 'वाफसा'. याला इंग्रजीत एका शब्दाचा प्रतिशब्द मला मिळाला नाही. माझ्या मुलीला 'ब्लॅक कॉटन सॉइल' पाठ आहे, वाफसा ठाऊक नाही.

आपल्यातले कितीतरी जण अजून शेती करतात. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, पालम, प्रत्येक भागात जमिनीला वेगळे शब्द असतील. जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन दाराशीच बसणार आहे. तुमच्या आई-वडिलांच्या तोंडचे शब्द मला सांगा.